खाऱ्या पाण्याचा धडा

आमच्या गावात तुरीची डाळ शिजायची नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, त्याला वाटतं बाई थट्टा करतेय. पण खरंच नाही शिजायची. सकाळी चुलीवर चढवलेली डाळ दुपारच्या भाकरी होईपर्यंत तशीच टणक, वर पाणी वेगळं आणि खाली डाळ वेगळी. मग माय चिमूटभर खायचा सोडा टाकायची, तेव्हा कुठं ती नरम पडायची आणि वरणाला साबणासारखा वास यायचा. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की पुढं शिकायला चिखलीला गेले आणि खानावळीत पहिल्यांदा साधं वरण खाल्लं, तर ते मला बेचव लागलं. चहाचंही तेच. दूध घातलं की फाटायचं, म्हणून आमच्याकडं पाहुण्यासमोर नुसत्या दुधाचा चहा यायचा आणि घरच्यांना काळा. कपड्याला साबण घासून घासून हात भरून यायचे तरी फेस नाही, पाण्यावर नुसती पांढरट साय धरायची. माझ्या वडिलांची, आबांची धोतरं वाळली की खळ दिल्यासारखी कडक व्हायची. गावात याचं कुणालाच नवल नव्हतं. पूर्णा नदीच्या आसपासचा सगळा पट्टाच खारा, त्याला कोण काय करणार, असं म्हणून लोक तांब्या तोंडाला लावायचे.

मायचं माहेर सोनाळ्याचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडचं पाणी गोडं. गोडं म्हणजे साखरेचं नव्हे, खारं नसलेलं. लग्न होऊन आली तेव्हा पहिला घोट तिनं अंगणात थुंकला होता, हे आमच्या आळीतल्या बायका मी मोठी होईस्तोवर हसून हसून सांगायच्या. मायही हसायची. मामा भेटायला यायचा तेव्हा लाडू-चिवड्याआधी पाण्याची कॅन बसमधून उतरवायचा. ते पाणी माय वेगळ्या घागरीत झाकून ठेवायची आणि त्याचा चहा एकटी चुलीपाशी बसून प्यायची. मला त्यातला एक घोट मिळायचा. बाकी आम्हाला आमची विहीर होती. आबांच्या वडिलांनी खोदलेली, अंगणात, दगडानं बांधलेली, उन्हाळ्यातही न आटणारी. आबांना तिचा भारी अभिमान. 'दुष्काळातई आपल्या विहिरीनं कोणाले परत नाई पाठवलं' हे वाक्य आबा कोणत्याही विषयात घुसवू शकायचे.

पावसाळ्यात त्या विहिरीचं पाणी गढूळ यायचं, आणि तिथं मायचा हात लागायचा. तुरटीचा खडा मुठीत धरून ती माठातल्या पाण्यात गोल गोल फिरवायची, मग झाकण ठेवून कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळपर्यंत माती तळाला बसलेली. वरचं पाणी ती धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायची. इतकं नितळ व्हायचं की तांब्याचा तळ दिसावा. आळीतल्या बायका म्हणायच्या, कुसुमच्या मायचं पाणी म्हणजे आरसा. माय वरवर नको नको म्हणायची, पण तिला बरं वाटायचं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. त्या घरात तिला शाबासकी मिळवून देणारी तेवढी एकच गोष्ट होती, असं मला आता वाटतं.

मी सहावीत असताना तिचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी, मग दिवसभर. सकाळी उठली की डोळ्यांखाली फुगलेलं. जोडवी बोटात रुतायला लागली तेव्हा आबा तिला खामगावला घेऊन गेले, आणि घरी मला भाकरी करून घालायला कोणी नाही म्हणून मलाही घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी मायच्या पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. कोणत्या गावच्या, असं विचारलं. गावाचं नाव ऐकून मान हलवली. "मूत्रपिंडं थकली बाईची," ते आबांना म्हणाले. "औषध देतो, पण औषधानं अर्धंच काम होईल. खारं पाणी आजपासून बंद. कुठूनही आणा, पण गोडं पाणी पाजा." हे मी माझ्या कानानं ऐकलं. बाहेर आल्यावर गोळ्या बांधून देणाऱ्या कंपाउंडरला आबांनी विचारलं, गोडं पाणी नाईच भेटलं तं? तो पुड्या बांधता बांधता म्हणाला, "मंग उकळून प्या, दुसरं काय."

घरी येईपर्यंत आबांच्या तोंडी डॉक्टरांचं नाव आणि कंपाउंडरचं वाक्य असं होऊन गेलं. डाक्टरनं सांगतलं, पाणी उकळून प्या. झालं. दुसऱ्या दिवसापासून पितळी पातेलं चुलीवर चढलं. आबा स्वतः सरपण घालायचे. माझा बाप मायसाठी चुलीपुढं बसलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि सगळं गाव त्यांचं कौतुक करायला लागलं. पातेलंभर पाणी अर्ध्यावर येईपर्यंत आटवायचं, मग मायनं तुरटी फिरवायची, मग फडक्यातून गाळायचं आणि तेच तिनं दिवसभर प्यायचं. पातेल्याच्या आतून पांढरा थर धरायचा. आबा तो नखानं खरवडून दाखवायचे. "पाह्य, पाह्य कुसुम. सारा खार भांड्याले चिकटला. आता पाणी साफ." पाणी नितळ होतं यात शंका नाही. माय एक घोट घेऊन तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "पह्यल्यापेक्षा जास्तच खारं लागते व माय." आबा म्हणायचे, तुह्या जिभेले चव नाई राह्यली.

गोडं पाणी गावात नव्हतंच असं नाही. खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी बौद्धपुऱ्याची विहीर होती. नाल्याच्या रेतीतून झिरपून येणारं पाणी, म्हणून गोडं. आमच्या आळीतलं कुणी ते पाणी पीत नसे. काऊन पीत नाही, हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. आमचे बैल मात्र रानातून येताना त्या विहिरीजवळच्या हौदावर पोटभर पाणी पिऊन यायचे.

आमच्या शाळेत विज्ञानाला इंगळे सर होते. त्याच बौद्धपुऱ्यातले, खामगावला शिकून परत गावात लागलेले. त्यांचा शर्ट कायम पांढरा आणि मऊ असायचा. आमच्या घरातल्या एकाही कपड्याला तसा मऊपणा नव्हता आणि त्याचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. एके दिवशी ते म्हणाले, उद्या पुस्तक आणू नका, घरात हाताला लागेल ते चिमूट-चिमूट आणा. पोरांनी बाजारच भरवला. मीठ, साखर, गूळ, हळद, तिखट, रेती, गोडेतेल, खडू, राख, कपाशीच्या वावरातली काळी माती, मी मायचा तुरटीचा खडा. सरांनी काचेचे पेले मांडले आणि एकेक वस्तू पाण्यात टाकून ढवळायला लावली. "आता सांगा," म्हणाले, "कोण विरघळलं अन् कोण नुसतं फिरून राह्यलं?" साखर गेली, मीठ गेलं. गूळ गेला पण काड्या-कचरा मागं ठेवून. तेल हट्टानं वर आलं. रेती ढवळणं थांबल्याबरोबर खाली जाऊन बसली, खडूचा भुगाही बसला. हळदीवर भांडण झालं. पाणी पिवळं झालं म्हणून सगळे ओरडले, विरघळली. सर म्हणाले, थांबा जरा. शेवटचा तास संपेस्तोवर हळद पेल्याच्या बुडाशी दिसायला लागली. "रंग दिला म्हणजे विरघळली असं नसते," ते म्हणाले. माती सर्वांत चिवट निघाली, खालीही बसेना आणि विरघळेनाही, नुसती तरंगत राहिली. मग सरांनी माझा तुरटीचा खडा घेतला, त्या पाण्यात फिरवला आणि माती गोळा होऊन खाली जायला लागली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी उभं राहून सांगितलं, आमच्या घरचं पाणी असंच साफ असते.

सरांनी मिठाचा पेला उचलला. फडक्यातून गाळला आणि पुढच्या बाकावरच्या पोराला चाखायला दिला. खारंच. तुरटी फिरवली, चाखायला दिला. खारंच. "माती पाण्यात विरघळत नाई, म्हणून तिले धरता येते," ते सावकाश म्हणाले. "मीठ विरघळते. त्याचे इतके बारीक कण होतात का फडक्याच्या भोकातून पाण्यासंगंच निंघून जातात. ते कुठं गेलं नाई. फक्त दिसत नाई." पुढं मी पस्तीस-छत्तीस वर्षं चौथी-पाचवीच्या पोरांना हाच धडा शिकवला. यापेक्षा सोपं मला कधीही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला घरच्या प्यायच्या पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं. मी मायचं उकळलेलं, तुरटी फिरवलेलं, गाळलेलं पाणी नेलं. सरांनी स्वतःच्या घरचं आणलं होतं, ते जरा गढूळच होतं. पोरं हसली. सरांनी सगळं पाणी डब्यांच्या झाकणांत ओतलं आणि झाकणं व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात मांडली, प्रत्येकाखाली नाव लिहून. दुपारपर्यंत झाकणं वाळली. सरांच्या झाकणात तपकिरी धुळीचा पुसट डाग राहिला होता. माझं झाकण पांढरं फटक. वर्गात सर्वांत जाड थर माझ्या झाकणात. मी बोट लावून जिभेवर ठेवलं, खारट आणि मागून कडू. सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "कुसुम, तुमी हे पाणी उकळता का?" मी हो म्हणाले. "किती?" अर्ध्यावर येईस्तोवर, म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ वाफेसोबत जात नाही, ते खाली राहिलेल्या पाण्यात जास्त दाट होतं. भांड्याला चिकटतो तो थोडा चुना, मीठ नाही. हे मला त्यांनी तिथंच समजावलं, आणि मला ते समजलं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला समजलं.

घरी येऊन मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "डाक्टरपेक्षा तुले जास्त कळते का व?" मी म्हणाले, डाक्टरनं गोडं पाणी सांगतलं होतं, उकळायचं त्या पुडीवाल्यानं सांगतलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि सरपण घालायला चुलीकडं वळले. त्याच संध्याकाळी इंगळे सर आमच्या दारी आले, हातात भरलेली कळशी. आबांनी त्यांना ओसरीवर बसवलं. मान राखला, त्यांना 'सर' म्हणून हाक मारली, चहा मागवला. तो चहा गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपबशीत आला, तीही माझ्याच हातून. सरांनी तो प्याला. मग त्यांनी झाकणांची सगळी हकिकत सांगितली, मीठ कसं राहतं, आटवल्यानं कसं वाढतं, बाईंच्या तब्येतीला त्याचा कसा धोका. आबा मान हलवत होते. "हो सर. बरोबर हाये सर. आमी काय शिकेल माणसं नाई." सर म्हणाले, "आबासाहेब, रोज एक कळशी मी स्वतः पोचवतो. तुमाले कोणाले पाठवाची गरज नाई." आबा म्हणाले, ठेवा सर तिथं, तुमचे उपकार.

सर आळीच्या वळणावर दिसेनासे झाले तेव्हा आबांनी कळशी उचलली, गोठ्यात गेले आणि बैलांपुढच्या घमेल्यात रिकामी केली. माय स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी होती. "एक तांब्या मले ठेवला असता," ती म्हणाली. आबा म्हणाले, बैल ताहानेले होते. कळशी घासून ओसरीवर पालथी ठेवली, सरांना परत द्यायला. दोन बैल आवाज करत ते पाणी पीत होते आणि आम्ही दोघी ऐकत होतो.

सर त्यानंतरही काही दिवस आले. एकदा लवकर आले असावेत. कळशी ठेवून निघाले आणि काहीतरी विसरलं म्हणून परत वळले, तर आबा घमेल्याजवळ. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ते आल्या पावली निघून गेले. सर पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. वर्गात माझ्याशी पूर्वीसारखेच वागले, उलट थोडे जास्तच मायेनं. मला त्याचा त्रास व्हायचा.

मग मी स्वतः गेले. शाळा सुटल्यावर कळशी घेऊन सरळ नाल्याच्या विहिरीवर. सरांची आई तिथं होती. तिनं मला ओळखलं, विचारलं काहीच नाही. रहाट ओढून कळशी भरून दिली आणि माझ्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली. "जपून ने माय," म्हणाली. मी आळीत शिरायच्या आत बातमी घरी पोचली होती. आबा फाटकात उभे. मला वाटलं मारतील. त्यांनी मारलं नाही. कळशी माझ्या डोक्यावरून अलगद उतरवली, "मान अवघडली असन पोरीची," असं म्हणाले आणि तशीच गोठ्याकडं नेली. माय बाजेवर पडली होती, तिला आता उठवत नव्हतं. ओसरीतून तिला सगळं दिसत होतं. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "बैलायचं नशीब पाह्य, कुसुम." रडली नाही, ओरडली नाही. तिच्या तोंडून नवऱ्याविरुद्ध निघालेलं मी ऐकलेलं हे एवढंच.

कापूस वेचून झाला त्या सुमारास ती गेली. शेवटी शेवटी डॉक्टरांनी पाणीच मोजून द्यायला सांगितलं होतं, अंगात पाणी भरत होतं. दिवसाकाठी जे चार-दोन घोट तिच्या वाट्याचे, ते मी चमच्यानं पाजायचे. तेसुद्धा आबांनी आटवलेलं खारं. चमचा जवळ नेला की ती ओठ मिटून घ्यायची, आणि तहान सहन झाली नाही की पुन्हा उघडायची. मामा सोनाळ्याहून आला तेव्हा उशीर झाला होता. त्यानं आणलेली कॅन तशीच भरलेली अंगणात राहिली. तेराव्याचा स्वयंपाक त्या पाण्यात केला, आणि पंगतीला बसलेले लोक म्हणाले, वरण मस्त शिजलं.

मी आबांशी भांडले नाही. भांडायचं कशासाठी? मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की माझा बाप अडाणी. त्याला मीठ दिसलं नाही म्हणून त्याला ते खरं वाटलं नाही. वेगळी कपबशी, ती विहीर, ते सगळं होतंच, पण त्याच्या बुडाशी अज्ञान, असं मला वाटायचं, आणि अज्ञानावर कोणी किती दिवस राग धरावा. त्या एका समजुतीवर मी डी.एड. केलं, मास्तरीण झाले. दरवर्षी पेले मांडले, दरवर्षी झाकणं उन्हात ठेवली, पोरांच्या जिभेवर मीठ ठेवलं. दिवाळीला, उन्हाळ्याला गावी जाऊन आबांना भाकरी करून वाढल्या, त्यांचे पाय चेपले. माणूस शिकला असता तर असा वागला नसता, असं मी माझ्या मुलांनाही सांगितलं.

आबा पंच्याऐंशीच्या पुढं गेले तेव्हा त्यांचेही पाय सुजले. डॉक्टर आता दुसरे, पण बोलले तेच. मी गावी गेले, तर स्वयंपाकघरात निळी कॅन, तिला तोटी. गावात आता फिल्टरचं पाणी विकतं मिळत होतं, आळीतल्या प्रत्येक घरात तशीच कॅन. आबांनी ग्लास भरून घेतला. मी सहज विचारलं, "आबा, हे कुठचं पाणी?"

"इंगळे सरचा पुतण्या देते आणून. नाल्याच्या विहिरीवरच मशीन बसोलं त्यानं."

मी कॅनकडं बोट केलं. "तुमाले चालते?"

"काऊन नाई चालत? गोडं हाये. दोन म्हयने झाले, सूज उतरली माही."

"मंग मायच्या वक्ती? तवा तुमाले वाटे का उकळल्यानं मीठ जाते."

आबांनी ग्लास रिकामा केला, मिशी पुसली. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "नाई व. सरनं ओसरीवर सांगतलं तवाच समजलं होतं मले. इतका काई मी बैल नाई. पण तवा समदी आळी पाहत होती, कुसुम. आता कोण पाह्यते."

मी दुपारच्या बसनं चिखलीला परत आले. जन्मभर मी पोरांना मीठ पाण्यात विरघळतं हे शिकवत आले, कारण माझी माय, ते आबांना न कळल्यामुळं मेली असं मी धरून चालले होते. घरात ते सगळ्यांना कळलं होतं. मला, मायला, आणि आबांनाही.